दोन बॅटऱ्या: पॅरललमध्ये १२ व्होल्ट की सिरीजमध्ये २४?

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत शेडसाठी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या घेतल्या, तर पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) १२ व्होल्ट, ३०० अँपिअर-अवर मिळतात आणि सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला) २४ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर. २४ केल्याने बॅटरीतली वीज मात्र वाढत नाही. व्होल्ट म्हणजे दर कुलोंब विद्युतभारामागे मिळणारी ऊर्जा: १२ व्होल्टला १२ ज्यूल, २४ ला २४. सिरीजमध्ये विद्युतभार निम्मा, त्यामागची ऊर्जा दुप्पट. गुणाकार दोन्हीकडे ३.६ युनिटच.

खरा फरक वायरीत पडतो. इन्व्हर्टर बॅटरीतून ६०० वॅट ओढत असेल, तर १२ ला ५० अँपिअर लागतात, २४ ला २५. बॅटरी ५ मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर. १० स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीचा रोध साधारण ०.०१८ ओहम. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून १२ ला ४५ वॅट वायरीतच जातात, २४ ला फक्त ११. शिवाय १२ ला ०.९ व्होल्ट वाटेत गळतात. बॅटरीवर ११.४ असताना इन्व्हर्टरला १०.५ दिसतात आणि तो 'लो बॅटरी' म्हणून बंद पडतो. त्याच अवस्थेत २४ च्या जोडीवर २२.८ असतात, इन्व्हर्टरपर्यंत २२.३ पोचतात, कटऑफ (ज्या व्होल्टला इन्व्हर्टर बंद होतो तो) २१ चा असेल तर काम चालू राहतं. २४ चा बॅकअप जास्त वाटतो तो यामुळे.

सैल लग (वायरीच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड) तर १२ ला फार महाग पडतो. जोडात ०.०१ ओहम रोध आला, तरी ५० अँपिअरला तिथे २५ वॅट उष्णता होते आणि लग काळा पडतो.

नुसते एलईडी दिवे, सीसीटीव्ही, मिळून २०० वॅटच्या आत, बॅटरी शेजारीच: १२ ठेवा, पण वायर जाड घ्या. पॅकिंगच्या वेळचे पंखे, वजनकाटे, लॅपटॉप चालवायचे असतील तर २४च. सोलर पॅनेलवरून बॅटरी चार्ज करणारा २० अँपिअरचा चार्ज कंट्रोलरही २४ ला दुप्पट वॅट पेलतो. मात्र इन्व्हर्टर २४ चाच लागतो. १२ चा लावलात तर जळू शकतो.

सिरीजमध्ये जुनी-नवी बॅटरी एकत्र लावू नका: कमकुवत असलेली आधी रिकामी होते आणि चार्जिंगला आधी उकळते. १२ व्होल्टचा दिवा एकाच बॅटरीवरून घेतलात तरी हाच असमतोल होतो. त्यासाठी २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा, आणि डीसी फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून बसवा.