एकच शिराज, तीन मुलूख: नाशिक, बारोसा की ऱ्होन?

दादा-वहिनींच्या लग्नाला डिसेंबरात 25 वर्षं होतायत, जेवण इथेच इंदूरला घरी, आईच्या हातचं काळ्या मसाल्याचं मटण, आणि दादा विचारतोय की रेड वाइन नाशिकची आणू, ऑस्ट्रेलियाची का फ्रान्सची? तिन्हीकडे द्राक्ष तेच, शिराज, फ्रान्समध्ये त्यालाच सिरा म्हणतात, पण न सांगता प्यायला दिली तर एकाच जातीची आहे हे कुणाला पटणार नाही.

बारोसा म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलिया. उन्हाळा कडक, कोरडा, द्राक्षात साखर भरपूर चढते आणि साखर चढली की अल्कोहोलही चढतं, लेबलवर 14.5 टक्के सहज दिसतं. चव दाट, पिकल्या जांभळासारखी, थोडी चॉकलेटकडे जाणारी. तिथे 1843 साली लावलेल्या वेली अजून फळ देतात, कारण युरोपातले मळे उजाड करणारी फायलोक्सेरा ही मुळांची कीड त्या भागात पोचलीच नाही.

फ्रान्सचं उत्तर ऱ्होन, म्हणजे ऱ्होन नदीच्या खोऱ्याचा उत्तरेकडचा भाग, एकदम उलट. एर्मिटाज, कोर्नास, कोत-रोती, सगळे उभ्या चढावरचे मळे, खाली ग्रॅनाइट नाहीतर शिस्टचा खडक, पाणी थांबतच नाही, वरून मिस्ट्राल नावाचा गार वारा. द्राक्ष सावकाश पिकतं, आंबटपणा टिकतो आणि मिरीचा वास येतो, तो खरोखर मिरीचाच, काळ्या मिरीतलं रोटंडोन हे वासाचं द्रव्य या द्राक्षाच्या सालीतही असतं आणि गार हवेत जास्त तयार होतं. मला स्वतःला हीच सगळ्यात आवडते.

नाशिकचं आपल्याला लगेच कळेल, कारण माळव्याची आणि तिथली काळी माती एकाच लाव्हाच्या खडकाची, पावसाळ्यात सोयाबीनच्या शेतात चप्पल रुतते ना, तीच. ती पाणी धरून ठेवते, वेल नुसती पानं काढत बसते आणि रस पातळ होतो, म्हणून वाइनला मुरमाड, उताराची जमीन बरी. लोक म्हणतात मातीची चव वाइनमध्ये उतरते, माझ्या मते माती आपलं काम पाण्यातून करते, वेलीला किती पाजते आणि कधी हात आवरते एवढंच. त्यात तिथे छाटणी दोनदा, एप्रिलमध्ये एक आणि पाऊस सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी, म्हणजे फळ थंडीत वाढतं, जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. उंची साधारण 600 मीटर, रात्री गार, त्यामुळे एवढ्या गरम मुलखातही आंबटपणा शिल्लक राहतो.

आता मटण तिखट आहे, तर बारोसा नकोच, अल्कोहोल जास्त असलं की तिखट अजून जाळतं. ऱ्होनची महाग, आणि लवंग-दगडफुलापुढे तिचा तो सुंदर मिरीचा वास दबून जाईल, ती नुसत्या मीठ-मिरीत भाजलेल्या मटणासाठी राखून ठेवावी.

दादा, तू नाशिकचीच घे, ओकच्या लाकडी पिंपात फार न मुरवलेली, 13 टक्क्यांच्या आसपासची. आणि वाढायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, 16-18 डिग्रीला ती खरी उघडते, आपल्या घरात डिसेंबरातही चूल पेटली आणि तीस माणसं जमली की तेवढा गारवा राहत नाही.