ग्लिमेपिराइड की डॅपाग्लिफ्लोझिन: मामांच्या रिपोर्टनंतर

मामांची शुगर ग्लिमेपिराइडवर आटोक्यात होती, म्हणून घरी सगळे निर्धास्त होतो. मग लघवी तपासली. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रथिन गळतंय त्याचं माप) ३० च्या आत हवं, ते १८० निघालं. तीन महिन्यांनीही तसंच. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड गाळून टाकतं तो कचरा, मात्र नॉर्मल! टाइप २ मधुमेहात मूत्रपिंडाचं दुखणं असंच चोरपावलांनी येतं आणि हृदयाचा धोकाही सोबत आणतं.

ग्लिमेपिराइड स्वस्त आहे, शुगर चांगली उतरवते. पण ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही. मामा सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमागावर कामाला. रात्रपाळीत डबा उघडायला उशीर झाला की शुगर घसरून दरदरून घाम आणि थरथर. शिवाय शुगर उतरवण्यापलीकडे मूत्रपिंडाला वेगळं संरक्षण तिच्याकडून मिळत नाही.

डॅपाग्लिफ्लोझिन जास्तीची साखर लघवीवाटे काढते आणि मूत्रपिंडाच्या गाळण्यांवरचा दाब हलका करते. २०२० च्या डापा-सीकेडी चाचणीत मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर येणं, ते निकामी होणं किंवा मूत्रपिंड-हृदयविकाराने मृत्यू, हा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी घटला. त्याच वर्षी भारतात तिचं मूळ पेटंट संपलं आणि जेनेरिक गोळ्या आल्या, त्यामुळे किमतीचा मुद्दा पूर्वीइतका जड राहिलेला नाही.

पण सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचार करा. पारा चाळिशीपार, मागाच्या शेडमधली धग, त्यात ही गोळी लघवी वाढवते. पाणी कमी पडलं की चक्कर येते, बीपी उतरतं. गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, तेव्हा स्वच्छता हवीच, आणि लाजून लपवू नका. एकादशीचा कडक उपास, उलट्या-जुलाब किंवा ऑपरेशन असेल तर गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. कारण अशा वेळी क्वचित शुगर फार न वाढताही रक्तात आम्ल साचतं.

लघवीतून अल्ब्युमिन जात असेल तर माझा कौल डॅपाग्लिफ्लोझिनलाच. ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) २० च्या खाली गेल्यावर ती सहसा नव्याने सुरू करत नाहीत, म्हणून उशीर नको. सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढतं. ते बघून आपल्या मनाने बंद करू नका. बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालूच राहते.

मामांच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्मी केली आणि डॅपाग्लिफ्लोझिन सकाळची दिली. आता मागाशेजारी दोन लिटरची बाटली असते.