‘सरकारमान्य’ वृद्धाश्रम: पैसे भरण्याआधी भिंतीवरची प्रमाणपत्रं नीट वाचा

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माझ्या आत्याची उजवी बाजू गेली आणि तिला अन्नही नाकातल्या नळीने द्यावं लागू लागलं. मूलबाळ नाही, घरी करणारं कोणी नाही, म्हणून आम्ही तिला एका खासगी केअर सेंटरमध्ये ठेवलं. भाड्याच्या बंगल्यात चालणारं, मोजक्याच खाटांचं. संचालिकाबाईंनी ऑफिसच्या भिंतीवरची फ्रेम केलेली प्रमाणपत्रं दाखवली. “आमचं सगळं सरकारमान्य आहे, चोवीस तास नर्स असते, तुम्ही निर्धास्त राहा,” असं म्हणाल्या. अनामत आणि पुढच्या काही महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले.

नर्स नव्हतीच. रात्री सगळ्या मजल्याला मिळून एक मुलगी, तिला नळीतून अन्न द्यायचंही कुणी शिकवलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ते न झाल्याने आत्याच्या माकडहाडापाशी खोल जखम झाली. भेटायला यायचं तर आधी फोन करावा लागे, त्यामुळे आम्हाला ती कायम स्वच्छ चादरीत, पावडर लावलेली दिसायची. ताप उतरेना म्हणून आम्ही तिला रुग्णालयात हलवलं, तेव्हा डॉक्टरांनी ती जखम दाखवली. माझी आत्या बोलू शकत नाही. तिने हे किती दिवस सोसलं, हे तिला आम्हाला सांगताही आलं नाही. याचा राग आजही जात नाही.

पैसे परत मागायला गेल्यावर दुसरी फसवणूक कळली. पावत्या ट्रस्टच्या नावाने होत्या आणि त्यांवर ‘देणगी’ असं छापलं होतं. देणगी परत मिळत नाही, आम्ही सेवा विकतच नाही, असं उत्तर मिळालं. अनामत तर बाईंच्या स्वतःच्या खात्यात गेली होती. तिची पावतीच नव्हती.

मग एका वकील मैत्रिणीने भिंतीवरच्या प्रमाणपत्रांचे फोटो बघून एकेकाचा अर्थ सांगितला. ट्रस्टची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. तिथे विश्वस्त, मालमत्ता, हिशेब बघितले जातात, खाटेवरच्या माणसाची निगा नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंद, कोणीही घरबसल्या, स्वतःच माहिती भरून, फुकट काढू शकतो. शॉप अ‍ॅक्टचं, म्हणजे दुकानं आणि आस्थापनांच्या नोंदणीचं, तर २०१७ च्या कायद्यापासून असं आहे की ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पोच घ्यायची. आमच्या समोर फ्रेममध्ये होती ती हीच पोच. यातल्या एकाही कागदासाठी कोणी अधिकारी तो बंगला बघून गेलेला नव्हता.

जो कागद लागतो तो भिंतीवर नव्हता. आजारी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणाऱ्या जागेला महाराष्ट्रात १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. महापालिका हद्दीत ती महापालिकेचा आरोग्य विभाग देतो. दिव्यांगांसाठीच्या संस्थेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, तर मानसिक आजाराच्या रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार वेगळी नोंदणी आहे. धडधाकट वृद्धांच्या खासगी निवासाचं मात्र अवघड आहे. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा सरकारी वृद्धाश्रमांबद्दल बोलतो. खासगी वृद्धाश्रमांना नोंदणी सक्तीची करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण मंजूर न होताच २०२४ मध्ये ती लोकसभा संपली. हीच फट हे लोक वापरतात.

म्हणून कोणी ‘सरकारमान्य’ म्हणालं की विचारा: कोणत्या कायद्याखाली, कोणी दिलं, याच पत्त्यासाठी आहे का, किती खाटांसाठी, मुदत कधीपर्यंत? नर्सचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. न कळवता, शक्यतो रात्री जेवणानंतर जाऊन बघा. आत सोडत नसतील तर तिथे माणूस ठेवू नका. पावतीवर ‘निवास व शुश्रूषा शुल्क’ असंच लिहून घ्या आणि अनामत कधी, किती परत मिळणार ते करारात आणा.

कोणी आधीच अडकलं असेल तर सगळे कागद, व्हॉट्सअ‍ॅपवरचे दरपत्रकाचे मेसेज आणि जखमेचे तारखेसह फोटो जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते आणि सेवेसाठी आपण भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्क लागत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. आम्हाला उपयोगी पडला तो दरपत्रकाचा मेसेज. त्यात दरमहा ‘फी’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, त्यावरच आम्ही तक्रार दाखल केली आहे.

त्या बंगल्यावर आता वेगळ्याच नावाची पाटी आहे, पण जाहिरातीतला मोबाइल नंबर तोच आहे. चौकशी करताना संस्थेच्या नावासोबत नंबरही इंटरनेटवर टाकून बघा.