सायकलला इंजिन, की मोटर, की सरळ जुनी एक्सएल?

बेळगावजवळच्या येळ्ळूर, कंग्राळी, मच्छे, काकती अशा गावांतून उद्यमबागेत किंवा होनग्याच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची अडचण साधारण सारखीच. अंतर पाच ते बारा किलोमीटर, सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा बसचा भरवसा नाही, आणि घरात वडिलांची काळी 28 इंची सायकल भिंतीला टेकून उभी. मोबाइलवर कुणीतरी तसल्याच सायकलला इंजिन लावून पळवताना दिसतो आणि मग विचार सुरू होतो, आपण पण बसवूया की!

माझं मत आधीच सांगतो. पाना-स्क्रूड्रायव्हरची हौस असेल आणि गाडी स्वतःच्या शेतातच फिरवायची असेल, तर इंजिन. रोज कामावर जायला विजेची मोटर. दुधाचे कॅन न्यायचे असतील किंवा मागे माणूस बसणार असेल, तर दोन्हींचा नाद सोडा आणि जुनी टीव्हीएस एक्सएल शोधा.

इंजिनचं किट

बाजारात मिळतं ते बहुतेक चिनी बनावटीचं टू-स्ट्रोक इंजिन. 48 सीसीचं एक आणि '80 सीसी' म्हणून विकलं जाणारं दुसरं. दुसऱ्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 47 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 38 मिमी, म्हणजे हिशेबाने ते 66 सीसीच भरतं. सोबत टाकी, क्लचचा लिव्हर, वेगळी चेन आणि मागच्या चाकाला डाव्या बाजूने लावायचं मोठं दातेरी चक्र येतं. किक नसते. पॅडल मारत वेग घ्यायचा आणि क्लच सोडायचा, की इंजिन पेटतं.

व्हिडिओत हे तासाभराचं काम वाटतं, कारण तिथली सायकल वेगळी असते. त्या चक्राला नऊ बोल्टांची भोकं असतात आणि ती 36 तारांच्या चाकासाठी काढलेली असतात, दर चार तारांमागे एक बोल्ट. आपल्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला तारा 40. भोकं तारांमध्ये नीट बसत नाहीत, मग मिस्त्री दोन-तीन बोल्ट सोडून देतो किंवा तारा वाकवून दाबतो. चक्र डुलायला लागतं, चेन उतरते, आणि एखाद्या दिवशी ती चाकात अडकून तारा तोडते. धावत्या गाडीचं मागचं चाक जाम होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

यावर बेळगावात उपाय आहे, इतर गावांत तो सहज मिळत नाही. उद्यमबागेतल्या कुठल्याही चांगल्या टर्नरकडे हब (चाकाचा मधला तुंबा) घेऊन जा, त्या मापाचा दोन तुकड्यांचा अ‍ॅडॅप्टर लेथवर काढून मिळेल. मग चक्राचा भार तारांवर न येता थेट हबवर येतो. हे करायचं नसेल तर इंजिन किट घेऊच नका.

दुसरी भानगड ब्रेकची. जुन्या सायकलला सळईचे ब्रेक असतात आणि मागच्या ब्रेकची सळई नेमकी खालच्या तिरप्या दांड्याच्या कडेने जाते, जिथे इंजिनचा पुढचा क्लॅम्प बसायचा असतो. बहुतेक जण सळई काढून टाकतात आणि पुढच्या एकाच ब्रेकवर गाडी चालवतात. इंजिन ही गाडी सहज ताशी 35-40 किलोमीटरला नेतं. तो ब्रेक मात्र पायाने मारलेल्या सायकलच्या वेगासाठी बनलेला. त्यातून लोखंडी रिम ओली झाली की रबर नुसतं घसरतं. खानापूर, जांबोटीकडच्यांना तर चार महिने रिम ओलीच. केबलचे चांगले ब्रेक किंवा ड्रम हब बसवायचा खर्च इंजिनच्या किमतीत आधीच धरा.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं: नव्या इंजिनला लिटरमागे साधारण 60 मिली, रुळल्यावर 40 मिली. अॅव्हरेज चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास मिळतं. फोर-स्ट्रोक मोपेड याहून जास्त देते आणि तिच्या पेट्रोलमध्ये ऑइलही घालावं लागत नाही, तेव्हा 'पेट्रोल वाचतं' हे कारण बाद. शिवाय आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं (त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचं). ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात टाकी अर्धी भरून गाडी पंधरा दिवस उभी ठेवली की कार्बोरेटर उघडायची तयारी ठेवावी, आणि किटसोबत आलेली स्वस्तातली नळी पहिल्याच वर्षी बदलावी.

पोलिसांनी धरलं तर?

इथे इंजिनची बाजू पार कोसळते. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीचं इंजिन 25 सीसीपर्यंत असेल तरच ती 'मोटार वाहन' धरली जात नाही. 48 सीसी त्याच्या वर जातं. ब्रश कटरची (गवत कापायच्या यंत्राची) 35, 43 किंवा 52 सीसीची इंजिनं लावली तरी तेच. म्हणजे नोंदणी हवी, विमा हवा, लायसन्स हवं. आणि घरी बनवलेल्या अशा सायकलची आरटीओत नोंदणी होण्याचा सरळ मार्ग नाही. दंड एक वेळ भरता येईल. पण विमा नसलेल्या गाडीने कुणाला उडवलं तर नुकसानभरपाई थेट तुमच्या अंगावर येते, आणि ती सायकलच्या किमतीच्या हिशेबात बसत नाही.

मोटरला सूट आहे, पण हद्दीत. तीस मिनिटांची ताकद (मोटर सलग अर्धा तास देऊ शकते ती) 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल तर नोंदणी लागत नाही. नुसती मोटर लहान असून भागत नाही. नियमात मान्यताप्राप्त चाचणी संस्थेच्या मंजुरीचीही अट आहे. म्हणून विक्रेत्याकडे कागद मागा. '350 वॅट घ्या, काही होत नाही' म्हणणारे दुकानदार खूप भेटतील. धरल्यावर ते सोडवायला येत नाहीत.

मोटर बसवताना

चाकाच्या हबमध्येच मोटर असते, त्यामुळे चेन, चक्र, धूर यांतलं काही नाही. गावातल्या कुत्र्यांनासुद्धा पत्ता लागत नाही, हा रात्रपाळीवाल्यांना मोठाच फायदा. मात्र इथेही काळी सायकल आडवी येते. हब मोटरला बहुधा 36 तारांची भोकं असतात, आपल्या पुढच्या रिमला 32. रिमसकट आलेलं किट सहसा 26 इंची असतं, आणि ते बसवलं की सळईचा ब्रेक रिमला लागतच नाही. शिवाय पुढचा चिमटा मोटरच्या आसाला अरुंद पडू शकतो. ओढूनताणून बसवण्यापेक्षा केबल ब्रेकची 26 इंची जुनी सायकल वेगळी घ्यावी, स्वस्त पडते. आसाला टॉर्क आर्मची पट्टी लावलीच पाहिजे, नाहीतर जोर लागताना आस चिमट्यात फिरून वायर तोडतो.

पैसे खरे जातात ते बॅटरीत. लिथियम बॅटरी एकटीच बऱ्याचदा उरलेल्या सगळ्या किटइतकी महाग असते. 36 व्होल्ट, 10 अॅम्पिअर-तास म्हणजे 360 वॅट-तास. किलोमीटरला बारा-एक वॅट-तास धरले तर तीस किलोमीटर. येळ्ळूर-उद्यमबाग जाऊन-येऊन झाल्यावरही निम्म्याहून जास्त उरते. लेड-अॅसिड स्वस्त, पण 12 अॅम्पिअर-तासाच्या तीन बॅटऱ्यांचं वजन बारा किलोच्या आसपास जातं आणि रोज पूर्ण उतरवल्या तर त्या लवकर बसतात.

एका चार्जिंगला अर्ध्या युनिटहून कमी वीज, महिन्याला दहा-बारा युनिट. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत) असाल तर लक्षात ठेवा, सगळ्यांना सरसकट 200 युनिट फुकट नाहीत. तुमच्या आधीच्या सरासरीपेक्षा थोडी जास्त मिळतात, आणि तीही 200च्या आत. काटेकोर वापर असलेल्या घरात ही दहा-बारा युनिटं वरची ठरून थोडं बिल येऊ शकतं. तरी पेट्रोलपुढे ते काहीच नाही.

चढाला 250 वॅट पुरतात, पण पाय हलवावे लागतात. कपिलेश्वरचा उड्डाणपूल सोपा. वंटमुरीचा घाट नुसत्या थ्रॉटलवर चढायचा हट्ट धरला तर मोटर तापेल. पाण्याचे शिंतोडे चालतात, ओढ्याच्या पाण्यात हब बुडवून नेणं चालत नाही. कंट्रोलरचे (मोटरला वीज सोडणाऱ्या डबीचे) जोड पावसाळ्याआधी टेप गुंडाळून खाली तोंड करून बांधा.

जुनी एक्सएल

हिच्याबद्दल फार सांगायची गरज नाही, कारण प्रत्येक गल्लीत एक आहे. एक्सएल 100चं इंजिन 99.7 सीसी, फोर-स्ट्रोक; सुटे भाग निपाणी, संकेश्वर, खानापूर कुठेही मिळतात. ब्रेक, चाकं, चेसिस त्या वजनासाठीच बनलेली. लायसन्स आणि हेल्मेट मात्र लागतं. नवीच घ्यायची ऐपत असेल तर 2024 मध्ये आलेली ई-लुनाही पाहावी. तिची नोंदणी होते आणि ती माल ओढायलाच केली आहे.

सीमेवरच्यांनी एक गोष्ट नीट बघावी. निपाणी-चिकोडीकडचे लोक कागल, गडहिंग्लजहून एमएच 09 पासिंगची गाडी स्वस्तात आणतात. ती कर्नाटकात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर नोंदणीचं नूतनीकरणही आलंच. हे सगळं धरलं की इथलीच केए 22 किंवा केए 23 ची दोन-तीन हजारांनी महाग गाडी स्वस्त ठरते. एमएचचीच घ्यायची असेल, तर एनओसी हातात पडेपर्यंत विकणाऱ्याचे निम्मे पैसे अडवून ठेवा.