मुलीच्या गाण्याच्या क्लासात आम्ही कसे फसलो

हे लिहू की नको यात दोन महिने गेले. गुरूबद्दल वाईट लिहू नये, असं माझ्या सासूबाई अजूनही म्हणतात. पण तोच माणूस आता डिचोलीच्या बाजूला नवा क्लास काढतोय असं कानावर आलं आणि गप्प बसवेना.

आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. मास्टर दीनानाथांचं आणि पंडित जितेंद्र अभिषेकींचं मंगेशी इथून जवळच. गायिका केसरबाई केरकर तर आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या. अशा मुलखात मुलीला गळा आहे म्हटल्यावर तिला गाणं शिकवायचं हे वेगळं ठरवावं लागत नाही. ती नऊ वर्षांची होती. चवथीच्या आरत्यांत तिचा आवाज ऐकून शेजारच्या वहिनींनी या सरांचं नाव सुचवलं. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "पोर तयार आहे, दोन वर्षांत स्टेजवर बसवतो." भिंतीवर फोटो, कपाटात शाली आणि ट्रॉफ्या. आम्ही भारावून गेलो.

फी महिन्याला १५०० रुपये, पण वर्षाची एकदम द्यायची, १८,००० आणि तीही रोख. मी पावती मागितली नाही. गुरुदक्षिणेची पावती कशी मागायची? पाकिटावर फूल ठेवून, नमस्कार करून पैसे दिले. या भीडेवरच त्यांचा सगळा धंदा चालत होता, हे फार उशिरा कळलं.

क्लासात पालकांनी बसायचं नाही, मुलं बुजतात, असा नियम. आम्ही बाहेर ओट्यावर थांबायचो. तीन महिन्यांत मुलगी भूप रागाची बंदिश दहा तानांसकट म्हणू लागली. घरी पाहुणे आले की आम्ही तिला बसवायचो. त्या ताना वहीत लिहून दिलेल्या होत्या, पाढ्यांसारख्या पाठ केलेल्या. 'आ' लावून गाण्याचा आकार नव्हता, स्वर उलटसुलट घोटायचे पलटे नव्हते, नुसता सा लावून बसणं तर कधीच नव्हतं. सर पेटी वाजवणार आणि मुलांनी मागोमाग म्हणायचं, एवढंच शिक्षण.

सगळ्यात वाईट गोष्ट पट्टीची, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरून गायचं त्याची. सर स्वतः काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, खालच्या सुरात गायचे आणि सगळ्या मुलामुलींना त्याच पट्टीत गायला लावायचे. मुलींचा गळा साधारणपणे काळी चार-पाचच्या आसपास खुलतो. माझी मुलगी मंद्र सप्तकात, म्हणजे सा च्या खालच्या स्वरांत गेली की मान खाली घालून, घसा दाबून आवाज काढायची. घरी आली की घसा दुखतो म्हणायची. मी तिला रियाजाचा कंटाळा म्हणून रागावले आहे. ते माझं मला अजून सलतं.

दुसऱ्या वर्षी तानपुरा घ्यायला लावला. "मिरजेचा आहे, ओळखीत मिळतोय," म्हणून ३४,००० घेतले. घरी काळी चारला लावायला गेलो की तार तुटायची. सर म्हणाले, तुम्हाला लावता येत नाही. मुलीला आता शिकवणाऱ्या बाईंनी तो मांडीवर घेतला आणि लगेच म्हणाल्या, हा मर्दानी तानपुरा, जाड तारांचा. पोरीच्या पट्टीत चढवलात तर तुटणारच. मग भोपळ्याच्या मागे बोट फिरवून दाखवलं. तिथे लांबच लांब चीर होती, भुसा आणि गोंद भरून वरून पॉलिश केलेलं. सरांनी आपलाच जुना तानपुरा आमच्या गळ्यात मारला होता.

आता गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा. "केंद्र माझ्याकडेच आहे, परीक्षा इथेच होते," असं सांगून दर वेळी ३००० घेतले. त्यांच्याच हॉलमध्ये जाकीट घातलेले एक गृहस्थ परीक्षक म्हणून बसले. दहाएक मुलं गायली. दोन महिन्यांनी सोनेरी किनारीची प्रमाणपत्रं आली, आधी पहिल्या पायरीचं, प्रारंभिकचं, पुढच्या वर्षी त्यानंतरच्या प्रवेशिका प्रथमचं. प्रारंभिकला लेखी पेपर नसतो, त्यामुळे आम्हाला संशय यायचं कारणच नव्हतं.

पुढच्या वर्षी सर तीन महिने गावाला गेले, म्हणून पुढच्या परीक्षेचा, प्रवेशिका पूर्णचा फॉर्म भरायला आम्ही पणजीला दुसऱ्या केंद्रावर गेलो. तिथल्या बाईंनी बैठक क्रमांक पाहिला, यादी पाहिली, पुन्हा प्रमाणपत्र पाहिलं. मग ओलं बोट सहीवरून फिरवलं. शाई पसरली. सही घरच्या प्रिंटरवर छापलेली होती. "हें आमचें न्हय, बाय," एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या. मुलगी शेजारीच उभी होती.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला परीक्षक मंडळाकडून येतो, शिकवणारा शिक्षक आपल्याच विद्यार्थ्यांना गुण देत नाही. हे आम्ही एका फोनवर विचारू शकलो असतो. क्लास लावताना एखादा तास समोर बसून ऐकू द्या म्हणावं. मुलीची पट्टी कोणती, असं थेट विचारावं. चांगला शिक्षक त्याने दुखावत नाही. आताच्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला सतरंजीवर बसवून घेतलं, तासभर मुलीकडून नुसते स्वर लावून घेतले आणि तिची पट्टी वहीवर लिहून दिली. फी त्या महिन्याच्या महिन्याला घेतात.

सरांना जाब विचारला तेव्हा "गुरूवर संशय घेता?" असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. नंतर कुणाच्या तरी हातून ५००० पाठवले. आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली. रोख व्यवहाराला पुरावा नाही, पण दोन प्रमाणपत्रं आणि परीक्षेचे पैसे मागणारे त्यांचे व्हॉट्सॲप संदेश जोडले आहेत. तीन पालक सोबत आले. बाकीच्यांना वाटतं, मुलांची नावं उगाच चर्चेत येतील.

क्लासमालकाच्या घरीच परीक्षा झाली असेल आणि तुमच्या कपाटात तसं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र असेल, तर पुढचा फॉर्म भरायची वाट पाहू नका. जवळच्या मान्य केंद्रावर जाऊन बैठक क्रमांक ताडून घ्या. आणि ते सरांना परत देऊ नका. "दुरुस्ती करून देतो" म्हणून त्यांनी दोघा पालकांकडून ती परत नेली आहेत.