गम अरेबिक पावडर, लॅब ग्रेड, ५०० ग्रॅम: पानावरचं मेण सोलायला वापरली

५ पैकी ४ स्टार. बॉटनी आणि अ‍ॅग्रीवाल्यांसाठी लिहितेय, कारण मी ही गम अरेबिकची म्हणजे डिंकाची पावडर पानावरचं मेण काढायला घेतली आणि त्या कामाला ती खरंच भारी आहे.

बहुतेक लॅबमध्ये पान चिमट्यात धरून क्लोरोफॉर्ममध्ये ३० सेकंद वगैरे बुडवतात, मग क्लोरोफॉर्म उडवून उरलेलं मेण वजन करतात. एकूण मेण किती एवढंच हवं असेल तर तेवढं बास आहे. ज्वारीवर काम करणाऱ्यांना १९७७ ची एबरकॉन, ब्लम आणि जॉर्डन यांची पद्धत माहिती असेलच, त्या मेणावर पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडचं मिश्रण घालायचं, उकळत्या पाण्यात ठेवायचं, पाणी घालून ५९० नॅनोमीटरला रंगाचं रीडिंग घ्यायचं, दिवसभरात ढीगभर सॅम्पल होतात, मालदांडी आणि बाकीच्या रब्बी वाणांची तुलना करायची तर हीच करा. पण क्लोरोफॉर्म काही सेकंदांतच क्युटिकलच्या (पानावरच्या संरक्षक आवरणाच्या) आत शिरतो, त्यामुळे वरचं मेण, आतलं मेण, पानाची वरची बाजू, खालची बाजू सगळं एकाच बाटलीत येतं. मावा कीड पानावर बसते तेव्हा तिच्या पायाला लागतो तो अगदी वरचा थर वेगळा कळतच नाही, आणि मला नेमका तोच हवा होता.

तिथे हा डिंक लागतो. थोड्याच पाण्यात घोळून मधासारखा घट्ट करायचा, ब्रशने पानाच्या एकाच बाजूला पातळ लावायचा, तास-दीड तास सुकू द्यायचा. कडक पारदर्शक पापुद्रा तयार होतो, चिमट्याने कडेकडून उचलला की टक् आवाज होऊन सुटतो आणि मेण त्याला चिकटून येतं. रबर प्लांटच्या पानावर तर अख्खा तुकडा एकसंध निघतो. मग तो पापुद्रा काचेच्या नळीत पाणी आणि क्लोरोफॉर्म घालून हलवायचा, डिंक वरच्या पाण्यात राहतो, मेण खाली क्लोरोफॉर्ममध्ये उतरतं. जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या येटर, शेफर आणि रीडरर यांनी २००० साली चेरी लॉरेल या झुडपाच्या पानावर हेच केलं होतं, वरच्या थरात नुसती लांब साखळीची संयुगं म्हणजे अल्केन, अल्कोहोल, अ‍ॅल्डिहाइड वगैरे निघाली आणि ट्रायटर्पेनॉइड (कार्बनच्या कड्यांची संयुगं) सगळे आतल्या थरात. नुसतं बुडवून हे कधीच दिसलं नसतं!

एक स्टार कापला कारण डब्यावर शुद्ध लिहिलंय तरी पावडरमध्ये स्वतःचे थोडे लिपिड (मेणासारखे स्निग्ध पदार्थ) असतात. वापरण्याआधी गरम क्लोरोफॉर्मने धुऊन घ्याच (फ्यूम हूडमध्येच, प्लीज) आणि पानाशिवाय नुसत्या डिंकाची ब्लँक चाचणी चालवा, नाहीतर जीसी-एमएसला (मिश्रणातली संयुगं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्राला) कोणता पीक म्हणजे आलेखातला उंचवटा पानाचा आणि कोणता डिंकाचा ते सांगता येणार नाही. प्लास्टिकच्या ट्यूब आणि पॅराफिल्म (झाकायची ताणणारी फिल्म) लांब ठेवा. मी सॅम्पल बाहेरच्या एका लॅबला पाठवले होते, काचेच्या व्हायलमधले त्यांनी प्लास्टिकमध्ये ओतले आणि रिपोर्टमध्ये प्लास्टिकमधून येणाऱ्या थॅलेटचा, १४९ मासच्या तुकड्याने ओळखू येणारा भलामोठा पीक आला, पैसे गेले ते गेलेच, सॅम्पलही गेले. टेट्राकोसेन इंटर्नल स्टँडर्ड म्हणून (मोजमापाच्या तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात) सुरुवातीलाच घाला. सी-२९, सी-३१ असे विषम कार्बनचे अल्केन तसेच छान दिसतात, अल्कोहोल आणि अ‍ॅसिडसाठी मात्र बीएसटीएफए हे रसायन घालून ७० डिग्रीला तापवा.

सगळ्या पानांना मात्र ही चालत नाही. लव असलेलं पान नको, कोवळं पान फाटतं. ज्वारीच्या ताटावर जी पांढरी भुकटी असते तिच्यावर डिंक पसरतच नाही, थेंब गोळा होऊन घसरतात. कमळाच्या पानाचंही तेच. तिथे पाणी किंवा ग्लिसरॉल पानावर लावून लिक्विड नायट्रोजनने गोठवून थर उचलायची पद्धत आहे, ती करा.

पॅकिंग चांगलं होतं, आतलं सील घट्ट. ओलावा मात्र पटकन धरते, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. मी दुसरा डबा मागवलाय.