कळंगुटला हरवलेली अंगठी आणि ‘सोनं ओळखणारं’ यंत्र

समुद्रावर दागिना हरवला आणि मेटल डिटेक्टर घेऊन कोणी मदतीला आला, तर त्याच्या हातात पैसे ठेवण्याआधी हे वाचा. ‘माझं यंत्र सोनं आणि कचरा वेगळा ओळखतं’ असं तो म्हणाला तर तिथेच थांबा. असं यंत्र अस्तित्वात नाही. याच एका वाक्यावर आम्हाला ८,००० रुपयांना फसवलं गेलं, आणि माझी खात्री आहे की अंगठीही त्यातच गेली.

अंगठी भाचीच्या नवऱ्याची, साखरपुड्याची. २२ कॅरेट, सहा ग्रॅम. कळंगुटला लाटांत खेळताना बोटातून निसटली. पाण्यात बराच वेळ राहिलं की बोटं आक्रसतात, वर सनस्क्रीनचा ओशटपणा. शॅकवरच्या एका पोराने कोणाचा तरी नंबर दिला आणि तासाभरात तो माणूस हजर झाला. यंत्र, हेडफोन, वाळू चाळायचं जाळीचं फावडं, सगळं जामानिम्यासकट. बोलायला गोड. ‘मावशी, रडू नका, ओहोटी आहे तोवर काढून देतो.’ आधी ३,००० रुपये यूपीआयने घेतले. खात्यावर नाव भलत्याच कोणाचं तरी होतं. ‘भावाचं आहे’ म्हणाला.

मग त्याने आम्हाला पडदा दाखवून समजावलं. आकडे ९९ पर्यंत जातात. ऐंशीच्या वर गेला तर सोनं. पन्नाशी-साठीत आला तर बिअरच्या कॅनची चावी, म्हणजे कॅन उघडायची ती ॲल्युमिनियमची कडी. खाली घरघरलं तर लोखंड, बाटल्यांची बुचं. कळंगुटच्या वाळूत हा कचरा इतका आहे की दर दोन पावलांवर यंत्र ओरडत होतं, आणि त्याचं सांगणं पटावं असंच सगळं निघत होतं. गंजलेली बुचं तो तळहातावर ठेवून आवर्जून दाखवायचा.

जिथे अंगठी पडली त्या जागेजवळ मात्र एक आवाज अगदी स्वच्छ आला. त्याने यंत्र आडवं फिरवलं, मग उभं फिरवलं, दोन्हीकडून तोच आवाज, पडद्यावर ५७. फावडं मारलं, जाळी हलवली, आमच्याकडे पाठ करून वाकला आणि हात कमरेच्या पिशवीत गेला. ‘कॅनची चावी,’ म्हणाला आणि पायाने खड्डा बुजवला. ही चावी काही त्याने आम्हाला दाखवली नाही. माझा पुतण्या हे सगळं मोबाइलवर घेत होता, म्हणून आज मी इतक्या बारकाईने लिहू शकते.

थोड्या वेळाने तो म्हणाला की अंगठी चार फूट खाली गेली आहे, मोठं यंत्र लागेल, आणखी ५,००० रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी जे आणलं ते म्हणजे पिस्तुलासारखी मूठ आणि पुढे हलणारी अँटेना. पन्नास मीटरवरचं सोनं ओढून दाखवते म्हणे. अँटेना समुद्राकडे वळली आणि त्याने हात वर केले, ‘लाटेने आत नेली.’ त्या दिवसानंतर फोन बंद.

खरा उलगडा वास्कोतल्या आमच्या एका नातलगाने केला. त्यांना या छंदाचा बऱ्याच वर्षांचा नाद आहे. त्यांनी काही न बोलता भाचीच्या बोटातली जोडीची अंगठी मागून घेतली, अंगणातल्या वाळूवर ठेवली आणि आपलं यंत्र तिच्यावरून फिरवलं. तेही त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं. आकडा ५५ ते ५८. मग शेजारी कॅनच्या तीन चाव्या ठेवल्या. ५२, ५४, ६१. पुतण्याने व्हिडिओ लावला, ५७ वर थांबवला. भाची उठून आत गेली.

त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येकाला माहीत असायला हवं. यंत्राच्या चकतीतून चुंबकीय क्षेत्र सुटतं, वाळूतल्या धातूत त्याने वीज फिरते, आणि ती किती उशिराने परत उमटते त्यावरून आकडा ठरतो. त्या आकड्यात धातूची वीजवहनक्षमता असते, तसाच वस्तूचा आकार, जाडी आणि घडणही असते. शुद्ध सोनं ॲल्युमिनियमपेक्षा चांगला वाहक, पण दागिन्यात तांबं-चांदी मिसळली की वहन बरंच उतरतं. म्हणून नाजूक अंगठी सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाजवळ बोलते, जाड अंगठी कॅनच्या चावीजवळ. अशा यंत्रांवर ऐंशीच्या वर बहुधा चांदी आणि तांब्याची जाड नाणी येतात. म्हणजे त्याने जो आकडा ‘कचरा’ म्हणून सांगितला, तोच आमचा होता. ज्याला यंत्र वापरता येतं त्याला हे ठाऊक नसणं शक्य नाही.

साखळी हरवली असेल तर अजून कठीण. यंत्राला अख्खी साखळी दिसत नाही, सुटी सुटी कडी दिसते, आणि पातळ साखळीवर ते कित्येकदा गप्पच राहतं. सापडलीच तर फाशाच्या किंवा पदकाच्या आवाजाने. तुटलेली अंगठीही सबंध अंगठीपेक्षा खालचा आकडा देते, कारण वीज गोल फिरू शकत नाही. ओल्या खाऱ्या वाळूत तर मीठच वीज वाहतं, त्यामुळे साधी यंत्रं उगाच कुरकुरतात. तिथे अनेक फ्रिक्वेन्सींचं यंत्र लागतं. आणि खोली? अंगठीएवढी वस्तू हातातल्या यंत्राला वीतभर, फार तर फूटभर खाली कळते. चार फुटांवरची अंगठी कोणालाच ऐकू येत नाही, मग ‘चार फूट’ हे त्याला कळलं कुठून?

अँटेनाच्या यंत्राबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ते फक्त समुद्रावर नाही, शेतात गुप्तधन शोधून देतो म्हणणारेही फिरवतात. त्याच्या आत काही नसतं. मूठ किंचित कलली की अँटेना वळते. असलंच हलणाऱ्या अँटेनाचं साधन बॉम्ब शोधायचं म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. इराकमध्ये त्या साधनावर विसंबून माणसं तपासणी नाक्यांवर उभी होती. हे ज्याच्या हातात दिसेल त्याच्याशी बोलूसुद्धा नका.

प्रामाणिकपणे शोधून देणारेही आहेत, आणि त्यांची रीत लगेच ओळखू येते. ते आधी जोडीचा दागिना मागतात, वाळूवर ठेवून आकडा बघतात. जोडीचा नसेल तर घरातला तशाच वजनाचा आणि घडणीचा चालतो. जागा दोरीने आखतात आणि मधल्या आकड्यांचा प्रत्येक आवाज खणतात, कारण कॅनच्या शंभर चाव्या काढल्याशिवाय अंगठी मिळत नाही हे त्यांना माहीत असतं. खणून निघालेली प्रत्येक वस्तू, बूचसुद्धा, तुमच्यासमोर पसरलेल्या कपड्यावर पडली पाहिजे. कमरेच्या पिशवीत काही जाता कामा नये. खड्डा बुजवण्याआधी त्यावरून पुन्हा यंत्र फिरवायला लावा. पैसे अंगठी हातात आल्यावर. येण्याजाण्याचा खर्च आधी दिला तर एक वेळ समजू शकते.

आणि दागिना पडल्याक्षणी, कोणाला फोन करण्याआधी, मागच्या शॅकचा किंवा माडाचा फोटो त्याच जागेवर उभं राहून घ्या, वेळ लिहून ठेवा. भरती आली की जागा ओळखू येत नाही.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, फसवणुकीची. व्हिडिओ आणि यूपीआयच्या पावत्या जोडल्या. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यातच अडवली जाण्याची शक्यता जास्त. अंगठी त्याने घेतली हे मी सिद्ध करू शकत नाही, पाठ केलेल्या माणसाच्या मुठीत काय होतं ते व्हिडिओत दिसत नाही. ८,००० रुपये त्याने खोटं सांगून घेतले हे मात्र पूर्ण दिसतं आणि ऐकू येतं.

अंगठीवर हॉलमार्क आहे आणि तिच्यावर कोरलेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा ओळखक्रमांक, बिलावरही आहे. म्हापशाच्या आमच्या शेटांनी तो ओळखीच्या सराफांना दिला आहे. वितळवली नसेल तर त्यावरूनच कळेल. कळंगुट-बागा पट्ट्यात ‘ऐंशीच्या वर सोनं’ सांगणाऱ्या कोणाला तुम्हीही पैसे दिले असतील, तर पावती घेऊन जवळच्या ठाण्यात जा आणि आकड्यांची ती गोष्ट तक्रारीत जशीच्या तशी लिहा. तीच थाप दोन घरांच्या तक्रारींत आली तर तपासाला धागा मिळेल.